टाच आधी की चवडा? धावपटूंच्या दुखापतीचा 'कात्रजचा घाट'

रविवारची पहाट. कात्रज चौकात वाहनांची रांग लागायच्या आधीच जुन्या घाटाच्या रस्त्यावर धावणाऱ्यांची पावलं वाजू लागतात. कुणाची मॅरेथॉनची तयारी सुरू असते, कुणाला पोलीस भरतीचं ग्राउंड द्यायचं असतं, तर कुणाला वजन कमी करायचं असतं. बोगद्यापर्यंत चढायचं, थोडा दम खायचा आणि उतरायचं.

काही आठवडे जातात आणि यातल्या काहींचा गुडघा कुरकुरायला लागतो. कुणाची नडगी ठणकते. कुणाला सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते. मग मोबाइल हातात येतो आणि रील्समधून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : तुमची धावण्याची पद्धत चुकतेय. टाच आधी टेकवू नका, चवड्यावर धावा. मिनिटाला 180 पावलं पडलीच पाहिजेत.

हा सल्ला कितपत खरा आहे? धावण्याची पद्धत बदलली की दुखापत टळते का? संशोधन काय सांगतं आणि घाटात धावणाऱ्यांनी नेमकं काय करायला हवं, ते समजून घेऊ.

आधी 'कात्रजच्या घाटा'ची गोष्ट

'कात्रजचा घाट दाखवला' हा वाक्प्रचार मराठी माणसाला नवा नाही. एप्रिल 1663 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी पुण्यातल्या लाल महालात घुसून शाहिस्तेखानावर छापा घातला. त्यानंतर मुघल फौज पाठलाग करणार हे उघड होतं. तेव्हा बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे पिटाळलं आणि मुघल त्या उजेडामागे धावत सुटले, असं सांगितलं जातं. महाराज मात्र दुसऱ्याच वाटेने सिंहगडाकडे निघून गेले होते.

धावताना होणाऱ्या दुखापतींच्या चर्चेतही काहीसं असंच झालंय. सगळ्यांचं लक्ष टाच आणि चवड्याकडे गेलं, कारण ते डोळ्यांना दिसतं. मोबाइलवर व्हिडिओ काढला की लगेच बोट ठेवता येतं. पण बऱ्याच दुखापतींचं कारण त्या व्हिडिओत नसतंच. ते असतं गेल्या महिन्याभराच्या धावण्याच्या नोंदीत.

टाचेवर धावण्याची एवढी बदनामी कशी झाली?

2009 मध्ये अमेरिकी पत्रकार ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. मेक्सिकोतल्या आदिवासी धावपटूंची गोष्ट सांगताना त्यात आधुनिक, गुबगुबीत बुटांवर जोरदार टीका होती. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2010 मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणापासून अनवाणी धावणारे अनेक जण चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीवर पाय आपटताना बसणारा पहिला तीव्र धक्का त्यांना जवळपास बसतच नाही, असं त्यात दिसलं होतं.

या निबंधात धक्का मोजला होता. कुणाला किती दुखापती झाल्या, हे मोजलं नव्हतं. पण बातम्यांमधून आणि जाहिरातींमधून लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत 'धक्का कमी' याचं 'दुखापत कमी' झालं. पातळ तळव्याच्या बुटांची लाट आली. पायाच्या बोटांच्या आकाराचे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर आरोग्याचे दावे पुराव्याशिवाय केल्याबद्दल अमेरिकेत खटला भरला गेला. 2014 मध्ये कंपनीने चूक मान्य न करता 37 लाख 50 हजार डॉलर देऊन तो मिटवला.

दरम्यान या चित्राला छेद देणारे पुरावेही होते. केनियातल्याच दासानाच समाजाच्या अनवाणी धावणाऱ्यांचा अभ्यास 2013 मध्ये आला. सवयीच्या, लांब पल्ल्याच्या वेगाने धावताना त्यातले बहुतेक जण टाचच आधी टेकवत होते. जपानमधल्या सापोरोच्या अर्धमॅरेथॉनमध्ये 15 किलोमीटरच्या खुणेपाशी 283 धावपटूंची पावलं कॅमेऱ्यात टिपली गेली होती. त्यातले सुमारे 75 टक्के टाचेवर उतरत होते. आघाडीच्या 50 जणांतही बहुसंख्य टाचवालेच होते.

थोडक्यात, टाच आधी टेकणं हा काही रोग नाही.

चवड्यावर धावलं तर काय होतं?

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. धावताना शरीराचं वजन प्रत्येक पावलाला कुठे ना कुठे पेलावंच लागतं. पद्धत बदलली म्हणून हा भार नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो.

टाचेवर उतरताना गुडघ्यावर आणि नडगीवर तुलनेने जास्त ताण येतो. चवड्यावर उतरताना गुडघ्याचा ताण कमी होतो, पण पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, यांना जास्त काम पडतं. वर्षानुवर्षं टाचेवर धावलेल्या माणसाची पोटरी या कामाला तयार नसते. त्यामुळे रील पाहून सोमवारी चवड्यावर धावायला लागलेल्या माणसाचा गुडघा कदाचित शांत होतो, पण काही दिवसांत पोटरी धरते.

हाँगकाँगमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हे स्पष्ट दिसतं. 320 नवख्या धावपटूंचे दोन गट करण्यात आले. एका गटाला दोन आठवड्यांत आठ वेळा ट्रेडमिलवर धावायला लावलं आणि पाय जमिनीवर किती जोरात आपटतोय, हे समोरच्या पडद्यावर दाखवलं. सूचना एकच होती : हलकं उतरा. दुसरा गट पडद्याशिवाय तेवढंच धावला.

पुढच्या वर्षभरात शिकवलेल्या गटातल्या 16 टक्के लोकांना दुखापत झाली, तर दुसऱ्या गटातल्या 38 टक्के लोकांना. हा फरक मोठा आहे. म्हणजे पद्धत सुधारण्यात तथ्य नक्की आहे. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. शिकवलेल्या गटात गुडघा आणि तळव्याच्या तक्रारी कमी झाल्या, तरी पोटरी आणि अकिलीसच्या तक्रारी वाढल्या होत्या.

180 पावलांचा आकडा कुठून आला?

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकांनी धावपटूंची पावलं मोजली. जवळपास सगळ्यांची पावलं मिनिटाला 180 किंवा त्याहून जास्त पडत होती. तिथून हा आकडा रूढ झाला.

पण ते ऑलिंपिकमधले धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात धावत होते. पावलांची गती उंचीनुसार आणि वेगानुसार बदलते. किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्या माणसाने 180 चा हट्ट धरला, तर धावणं अवघडल्यासारखंच होणार.

यामागचं तत्त्व मात्र उपयोगाचं आहे. अनेकांची अडचण टाच ही नसून लांब ढांग ही असते. पाय शरीराच्या खूप पुढे, गुडघा जवळपास सरळ ठेवून टेकतो. अशा वेळी प्रत्येक पाऊल ब्रेक लावल्यासारखं पडतं आणि तो ताण गुडघ्यावर जातो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की, वेग तोच ठेवून पावलांची संख्या स्वतःच्या नेहमीच्या संख्येपेक्षा फक्त 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली, तर पाऊल आपोआप आखूड पडतं आणि गुडघ्यावरचा, खुब्यावरचा भार कमी होतो.

म्हणजे मिनिटाला 160 पावलं पडत असतील तर 168 पुरेत. 180 गाठायची गरज नाही. आणि टाच की चवडा, याचा विचारही करावा लागत नाही.

मग खरा दोषी कोण?

याचं एक महत्त्वाचं उत्तर जुलै 2025 मध्ये मिळालं. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 87 देशांतल्या 5,205 धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी दीड वर्ष तपासल्या. या काळात 1,820 जणांना, म्हणजे सुमारे 35 टक्के लोकांना धावण्यामुळे दुखापत झाली.

दुखापतीआधी काय घडलं होतं? संशोधकांनी प्रत्येक धावेची तुलना त्या माणसाच्या गेल्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेशी केली. ज्या दिवशी तो पल्ला 10 टक्क्यांहून जास्त ओलांडला गेला, त्या धावेनंतर दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. 10 ते 30 टक्के जास्त धावल्यावर धोका सुमारे 64 टक्क्यांनी जास्त होता, 30 ते 100 टक्के जास्त धावल्यावर 52 टक्क्यांनी, आणि पल्ला एकदम दुपटीच्या पुढे नेल्यावर 128 टक्क्यांनी.

विशेष म्हणजे, या आठवड्याची बेरीज गेल्या आठवड्यापेक्षा किती वाढली, या नेहमीच्या हिशोबाचा दुखापतीशी तसा संबंध दिसला नाही. 'आठवड्याला 10 टक्केच वाढवा' हा जुना नियम नेदरलँड्समध्ये 532 नवख्या धावपटूंवर तपासला गेला होता. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली.

डेन्मार्कच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. त्यात बहुसंख्य पुरुष होते आणि सरासरी वय चाळिशीच्या पुढचं होतं. दुखापतीची माहिती धावपटूंनी स्वतः दिली होती. 64 नंतर 52 आणि मग 128, हे आकडेही सरळ रेषेत चढत नाहीत. त्यामुळे 10 टक्के ही लक्ष्मणरेषा मानता येणार नाही. पण एका दिवसाचा अतिउत्साह महागात पडतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. नियमित धावायला लागलं की दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूही बऱ्यापैकी लवकर तयार होतात. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या शिरा यांना मजबूत व्हायला बरेच महिने लागतात. छाती 'अजून पाच किलोमीटर जाऊ' म्हणते, तेव्हा नडगीची तयारी झालेली नसते.

आकडेमोड करून पाहा. मिनिटाला 160 पावलं धरली, तर तासाभरात 9,600 पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पायावर 4,800 वेळा भार येतो. अर्धा तास जास्त धावलं की प्रत्येक पायावर आणखी 2,400 वेळा.

घाटात धावताना काय बदलतं?

चढ दमवतो, म्हणून घाटात चढाचीच भीती वाटते. पायांसाठी मात्र उतार जास्त कठीण असतो.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, 9 अंशांच्या उतारावर धावताना पाय आपटण्याचा धक्का सपाटीपेक्षा 54 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ब्रेक लावणारा जोर 73 टक्क्यांनी वाढला. तेवढ्याच चढावर मात्र आपटण्याचा धक्का जवळपास नाहीसा झाला.

9 अंश म्हणजे 100 मीटर पुढे जाताना सुमारे 16 मीटर खाली उतरणं. वाहनांसाठी बांधलेला घाटरस्ता एवढा तीव्र नसतो, त्यामुळे हे आकडे कात्रजच्या घाटाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण भार कुठल्या दिशेने वाढतो, ते यातून कळतं. चढताना पोटरी आणि अकिलीसला काम पडतं. उतरताना मांडीचा पुढचा भाग आणि गुडघा सोसतो. आणि उतारावर माणूस नकळत लांब ढांगा टाकतो. म्हणजे जी सवय सपाटीवर त्रास देते, तीच इथे जास्त महागात पडते.

कात्रजहून आणखी एक वाट निघते. जुन्या बोगद्यावरच्या वाघजाई मंदिराकडून टेकड्यांच्या धारेवरून थेट सिंहगडापर्यंत. 'केटूएस' नावाने हा ट्रेक तरुणांमध्ये लोकप्रिय आहे आणि तो बहुतेकदा चांदण्या रात्री केला जातो. एकामागून एक टेकड्या, प्रत्येकीचा चढ आणि निसरड्या मुरमाचा उतार. महिनाभर पाच किलोमीटरच्या पुढे न गेलेला माणूस हा ट्रेक करतो, तेव्हा पल्ला, उतार आणि अंधार या तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत वाढतात. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला तर दोष बुटांचा किंवा टाचेचा असेलच असं नाही.

पोलीस भरतीच्या उमेदवारांसाठी हे जास्त महत्त्वाचं का?

हौशी धावपटूला दुखापत झाली तर एक मॅरेथॉन हुकते. भरतीच्या उमेदवाराची नोकरी हुकू शकते.

ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे 15 हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. शिपाई पदाच्या 50 गुणांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी 1600 मीटर आणि महिलांसाठी 800 मीटर धावण्याला 20 गुण असतात. पैकीच्या पैकी गुणांसाठी पुरुषांना 5 मिनिटं 10 सेकंदांत, तर महिलांना 2 मिनिटं 50 सेकंदांत अंतर कापावं लागतं. पुरुषांच्या बाबतीत हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटर होतो.

जाहिरात आली की अनेक जण एकदम जोरात तयारीला लागतात. सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर, रोज वेळ लावून. इथे पल्ला लहान असतो, पण वेग एकदम वाढतो आणि विश्रांती संपते. नडगी दुखायला लागते, ती दाबून पुन्हा धावणं होतं. रोजच्या वेदनाशामक गोळीने दुखणं लपतं, हाडावरचा ताण तसाच राहतो. ग्राउंडच्या तारखेपर्यंत नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, तर वर्षभराची तयारी वाया जाते.

या उमेदवारांना टाच-चवड्याच्या सल्ल्यापेक्षा वेळापत्रकाचा सल्ला जास्त उपयोगी आहे. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा, त्यांच्यामध्ये हलकं धावणं किंवा सुट्टी, शक्य असेल तेव्हा डांबराऐवजी मातीचं मैदान. आणि तयारीची सुरुवात जाहिरातीची वाट न पाहता.

मग नेमकं करायचं काय?

* महिन्याची नोंद पाहा. गेल्या 30 दिवसांतली सर्वांत लांब धाव किती, ते शोधा. ती 10 किलोमीटर असेल तर पुढची लांब धाव 11 च्या आसपास ठेवा. 10 वरून थेट 21 वर उडी नको.

* पावलं मोजा. 30 सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा. ही तुमची मिनिटाची पावलं. गुडघा त्रास देत असेल तर ती सुमारे 5 टक्क्यांनी वाढवून पाहा. सुरुवातीला प्रत्येक धावेत पाच-दहा मिनिटंच.

* आवाज ऐका. पाय धपधप वाजत असतील तर हलकं उतरायचा प्रयत्न करा. यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही.

* व्हिडिओ काढायचाच असेल तर बाजूने काढा. टाच आधी टेकते का, हे पाहू नका. पाय टेकताना गुडघ्याच्या खूप पुढे जातो का, ते पाहा.

* काही दुखत नसेल तर पद्धत बदलू नका. न दुखणाऱ्या माणसाने टाचेवरून चवड्यावर जाण्यात फायदा होतो, याचा ठोस पुरावा नाही.

* घाट हळूहळू वाढवा. सुरुवातीचे काही आठवडे चढताना धावा आणि उतरताना चाला. नंतर उतारावर आखूड, जलद पावलं टाका. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा आणि अंधारात चमकणारी पट्टी असलेले कपडे घाला.

* ताकदीचा व्यायाम करा. 2014 मध्ये 25 प्रयोगांचा आणि 26 हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. वेगवेगळ्या खेळांच्या त्या आढाव्यात ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाहून कमी झालेल्या दिसल्या. नुसत्या स्ट्रेचिंगचा तसा फायदा दिसला नाही. बैठका, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, एका पायावर तोल सांभाळणं, एवढं घरीही होतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

धावल्यावर दोन्ही मांड्या जड होणं, दुसऱ्या दिवशी अंग ठणकणं ही दुखापत नाही. पण काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणं, रात्री झोपेत किंवा बसल्या जागी दुखणं, एका पायावर उडी मारता न येणं, सूज येणं, किंवा धावताना लंगडावं लागणं. यातलं काहीही असेल तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावं. हाडातली बारीक तड सुरुवातीच्या साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर दुखऱ्या पायाने पुन्हा धावायला लागू नये.

धावण्याची पद्धत सुधारायला हरकत नाही. पाऊल थोडं आखूड, उतरणं थोडं हलकं, एवढा बदल पुष्कळांना पुरतो. पण पलित्यांच्या उजेडामागे जाण्याआधी मोबाइलमधली महिन्याभराची नोंद एकदा उघडून पाहावी. पुढच्या रविवारी घाट चढायचा की नाही, आणि कुठपर्यंत, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.